आधी गळती शोधा, मग गॅस भरा

मार्च उलटला की गावोगावच्या गॅरेजांत एकच वाक्य दिवसभर ऐकू येतं: "एसी थंड करत नाही, जरा गॅस टाकून द्या." मेकॅनिक मान डोलावतो, अर्ध्या तासात गॅस भरून होतो, गाडी गारेगार होऊन बाहेर पडते आणि मालक खुशीत पैसे मोजतो. पुढच्या उन्हाळ्यात, कधी कधी तर पुढच्याच महिन्यात, तीच गाडी त्याच दारात उभी असते. गाडीवाल्या मंडळींना माझं कळकळीचं सांगणं आहे की हे वाक्य बोलणं सोडून द्या. एसीला काय होतंय ते सांगा. काय करायचं ते तपासणी झाल्यावर ठरवा.

कारण साधं आहे. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच गॅस फिरत राहतो. रबरी होजमधून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षानुवर्षांत तो थोडा झिरपतो, हे खरं. त्यामुळे सहा-सात वर्षांच्या गाडीत पहिल्यांदाच गॅस थोडा कमी निघाला तर घाबरायचं काही नाही. पण दरवर्षी भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे आणि आपण गळक्या माठात पाणी ओततो आहोत. शिवाय थंडावा कमी होण्यामागे गॅसचा काही संबंधच नसतो, अशा गाड्याही पुष्कळ निघतात. त्यांत गॅस भरला तर पैसे जातात आणि कधी कधी एसी आणखी बिघडतो.

एसीचं काम कसं चालतं

एसी आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो. दाबलेला, तापलेला गॅस बंपरच्या मागे, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये जातो. तिथे बाहेरची हवा त्याची उष्णता घेते आणि गॅसचा द्रव होतो. हा द्रव ड्रायरमधून जातो. तिथे ओलावा आणि कचरा अडतो. पुढे एक्स्पान्शन व्हॉल्वच्या बारीक छिद्रातून सुटताना त्याचा दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळू लागतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत असलेला आर-१३४ए हा गॅस साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळतो. उकळण्यासाठी लागणारी उष्णता तो कॉइलवरून वाहणाऱ्या हवेतून ओढून घेतो. ती थंड झालेली हवा आपल्या तोंडावर येते आणि वाफ झालेला गॅस पुन्हा कॉम्प्रेसरकडे परततो.

एवढं समजलं की बिघाडाची तपासणी तीन प्रश्नांवर येते. आतली हवा कॉइलवरून नीट वाहते का? बाहेरची हवा कंडेन्सरवरून नीट वाहते का? आणि गॅसचं चक्र नीट फिरतं का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बहुतेकदा तुम्हाला घरच्या घरी मिळतात आणि त्यांची दुरुस्ती स्वस्त असते. तिसऱ्यासाठी गॅरेज लागतं. म्हणून तपासणीचा क्रमही हाच ठेवा.

गॅरेजला जाण्याआधी

आधी बटणं पाहा. तापमानाची नॉब पूर्ण थंडीकडे आहे का, एसीचा दिवा लागतोय का, हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण चालू आहे का? बाहेरची ४० अंशांची हवा सतत आत घेत राहिलात तर धडधाकट एसीसुद्धा दमतो. नॉब थंडीपासून गरमीकडे आणि परत फिरवून बघा. फरक पडत नसेल किंवा थंडीवर ठेवूनही कोमट हवा येत असेल, तर डॅशबोर्डमागचा फ्लॅप अडकून हीटरची गरम हवा मिसळत असू शकते. या बिघाडात कितीही गॅस भरा, काही उपयोग होत नाही.

मग ब्लोअर. हवा थंड आहे पण जोर नाही, ही तक्रार निघाली की पहिला संशयित एसी फिल्टर. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो; खण दोन्ही बाजूंनी दाबून खाली उतरवला की झाकण दिसतं. धूळ, पाचोळा, केस यांनी भरलेला फिल्टर पाहिला की अनेकांना आपल्याच गाडीची लाज वाटते. पावसाळ्यानंतर तिथे उंदरांचं बिऱ्हाडही सापडतं. नवा फिल्टर काही शे रुपयांत येतो. बसवताना त्यावरचा बाण हवेच्या दिशेने ठेवायचा, बस. ब्लोअर फक्त शेवटच्या, सर्वांत जोराच्या नंबरवरच चालत असेल तर त्याचा रेझिस्टर गेलेला असतो. तोही किरकोळ खर्च आहे.

आता गाडी सपाट जागेवर न्यूट्रलला उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन आणि एसी चालू करून बॉनेट उघडा. ओढणी, सैल बाही, हात यांपैकी काहीही बेल्ट आणि फॅनच्या जवळ नेऊ नका. कंडेन्सरचा फॅन थोड्या वेळात सुरू व्हायला हवा. लक्षात ठेवा, बऱ्याच छोट्या गाड्यांत हाच फॅन रेडिएटरलाही थंड ठेवतो. तो बंद पडला असेल तर प्रश्न फक्त घामाचा राहत नाही. इंजिन तापून हेड गॅस्केटपर्यंत काम जाऊ शकतं. म्हणून बंद फॅन दिसला की त्याच दिवशी दुरुस्ती करा.

बऱ्याच कॉम्प्रेसरच्या पुलीवर मॅग्नेट क्लच असतो. एसीचं बटण दाबल्यावर 'टक्' असा आवाज येऊन पुलीचा मधला भाग फिरू लागतो. तो फिरतच नसेल तर फ्यूज, रिले, वायरिंग किंवा प्रेशर स्विच बघावा लागतो. गॅस फारच कमी झाला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसर मुद्दाम बंद ठेवतो, कारण गॅसबरोबर फिरणाऱ्या ऑइलवरच कॉम्प्रेसर जगतो. काही गाडीवाले किंवा हौशी मेकॅनिक हा स्विच वायरने थेट जोडून कॉम्प्रेसर चालवतात. तसं कधीही करू देऊ नका. वंगणावाचून कॉम्प्रेसर जाम होतो. काही नव्या कॉम्प्रेसरना क्लचच नसतो, तेव्हा आवाज आला नाही म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका.

इंजिन बंद करून, किल्ली काढून, गाडी गार झाल्यावर कंडेन्सर न्याहाळा. जाळीत किडे, चिखल, प्लास्टिकच्या पिशव्या, मळणीच्या दिवसांतला भुसा अडकलेला असतो. साध्या पाइपच्या मंद धारेने तो धुऊन काढा. प्रेशर वॉशरचा झोत जवळून मारलात तर पातळ पत्र्याच्या पाकळ्या आडव्या होतात आणि हवेची वाटच बंद होते. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीतही धूळ दाटलेली असते. ती समोरून दिसत नाही, गॅरेजमध्ये सांगून साफ करून घ्यावी लागते.

शेवटी नळ्यांच्या जोडांवर आणि कंडेन्सरच्या खालच्या भागावर तेलकट, धूळ चिकटलेला डाग आहे का ते पाहा. गॅसबरोबर ऑइल फिरत असल्यामुळे गॅस जिथून निसटतो तिथे बहुतेकदा तेलाची खूण उरते. हा डाग पुसून टाकू नका, मेकॅनिकला दाखवा. गॅस भरण्याच्या दोन व्हॉल्ववर प्लास्टिकच्या टोप्या आहेत ना, हेही पाहा. मागच्या वेळी गॅस भरताना काढलेली टोपी परत बसवलीच नाही, असं सर्रास होतं. व्हॉल्वची पिन किंचित झिरपत असेल तर तीच टोपी गॅस धरून ठेवते.

बिघाड कधी होतो, ते टिपून ठेवा

"थंड करत नाही" या दोन-तीन शब्दांवरून मेकॅनिकला फारसं काही कळत नाही. कधी, कुठे, किती वेळाने थंडावा जातो हे सांगितलंत तर त्याचं अर्धं काम होतं.

हायवेला छान थंड आणि सिग्नलला उभं राहिलं की कोमट, असं होत असेल तर संशय कंडेन्सरच्या फॅनवर किंवा अडकलेल्या जाळीवर घ्या. गाडी धावते तेव्हा वारा आपोआप कंडेन्सरवर येतो, थांबल्यावर ते काम फॅनचं असतं.

सुरुवातीला थंड, मग अर्ध्या-पाऊण तासाने हवेचा जोरच कमी होतो आणि एसी दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवला की पुन्हा सगळं ठीक, असं होत असेल तर कॉइलवर बर्फ साचत असावा. त्यामागे कॉइलचं तापमान मोजणारा सेन्सर बिघडलेला असतो, हवा कमी वाहत असते किंवा गॅस थोडा कमी असतो. हवेचा जोर कायम असताना थंड-गरम-थंड असा खेळ चालत असेल तर नळ्यांत ओलावा शिरून तो एक्स्पान्शन व्हॉल्वच्या छिद्रात गोठत असण्याची शक्यता असते.

डॅशबोर्डच्या मधल्या जाळ्यांपैकी एका बाजूची हवा थंड आणि दुसऱ्या बाजूची कोमट असेल तर गॅस कमी असू शकतो किंवा आतला फ्लॅप अडकलेला असू शकतो. कसारा किंवा खंबाटकीचा घाट चढताना एसी सुटतो आणि माथ्यावर पुन्हा धरतो, असं असेल तर इंजिनाच्या तापमानाचा काटा बघा. इंजिन फार तापलं की अनेक गाड्यांतली यंत्रणा एसी आपोआप तोडते. अशा वेळी एसीवाल्याकडे जाण्याआधी रेडिएटर आणि कूलंट तपासून घ्या. आणि पायाखालचं मॅट ओलं होत असेल तर ते पाणी गॅसचं नसतं. कॉइलवर जमलेलं पाणी बाहेर नेणारी बारीक नळी तुंबलेली असते.

मुंबईची अपेक्षा नागपुरात नको

एसी किती थंड करायला हवा, याचं एकच उत्तर सगळ्या महाराष्ट्राला लागू होत नाही. मुंबई, रत्नागिरी इथल्या दमट हवेत एसीची बरीच ताकद हवेतलं पाणी गाळण्यात जाते. तिथे गाडीखाली पाण्याची धार लागणं हे तब्येत चांगली असल्याचं लक्षण आहे. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडे नवतपाच्या दिवसांत हवा इतकी कोरडी असते की गाडीखाली जेमतेम थेंब पडतात. पाणी टपकत नाही म्हणून एसी बिघडला, असं तिथे समजू नये. तिथली अडचण वेगळी. पारा ४५ वर गेला की कंडेन्सरला उष्णता बाहेर टाकणंच अवघड होतं. मग मुंबईत खपून जाणारी थोडीशी मळलेली जाळी किंवा मंदावलेला फॅन विदर्भात एसीला पार झोपवतो.

म्हणून अंदाजावर राहू नका, साधा थर्मामीटर वापरा. काचा बंद, हवा आतल्या आत, ब्लोअर मध्यम ठेवून इंजिन साधारण १५०० आरपीएमवर दहा मिनिटं चालवा आणि डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत थर्मामीटर धरा. बाहेर ३० ते ३५ अंश असताना जाळीतली हवा ढोबळमानाने ५ ते १० अंशांवर यावी. बाहेर ४२–४५ अंश असताना १२ ते १५ अंश आले तरी एसी काम करतोय असं समजायला हरकत नाही. त्याहून उत्तम म्हणजे एसी चांगला चालत असतानाच हा आकडा आणि त्या दिवशीचं बाहेरचं तापमान वहीत लिहून ठेवा. पुढे तक्रार आली तर तुलना तुमच्याच गाडीशी होईल.

आणखी एक. भर उन्हात उभ्या राहिलेल्या बंद गाडीच्या आतलं तापमान ६० अंशांपर्यंत जाऊ शकतं. अशा गाडीत मूल, म्हातारं माणूस किंवा जनावर दोन मिनिटांसाठीसुद्धा ठेवू नये. गाडी सुरू केल्यावर आधी काचा खाली करून गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग काचा लावून हवा आतल्या आत फिरवा. पहिल्या पाच मिनिटांतल्या गरमीवरून एसीला नावं ठेवू नका.

गॅरेजमध्ये काय मागायचं

एवढं करूनही थंडावा येत नसेल तर गॅरेज गाठा आणि सरळ सांगा: "दादा, आधी गेज लावून दोन्ही बाजूंचं प्रेशर दाखवा. गॅस नंतर बघू." जाणता मेकॅनिक या वाक्याने दुखावत नाही. समोरच्याला कळतंय म्हटल्यावर तो नीट समजावून सांगतो.

निळं गेज कमी दाबाच्या बाजूला लागतं, लाल जास्त दाबाच्या. इंजिन बंद ठेवल्यावर थोड्या वेळाने दोन्ही काटे सारखे होतात. आर-१३४एच्या बाबतीत ३० अंशांच्या हवेत ते ९५ ते १०० पीएसआयच्या आसपास थांबतात. काटे त्याच्या फार खाली असतील तर यंत्रणा जवळजवळ रिकामी आहे. मात्र काटे बरोबर जागी थांबले म्हणून गॅस पुरेसा आहे असं ठरत नाही. नळ्यांत थोडासाही द्रव शिल्लक असेल तोवर हा दाब तापमानावर ठरतो, गॅसच्या वजनावर नाही. इंजिन आणि एसी चालू केल्यावर निळा काटा साधारण २५ ते ४५ आणि लाल काटा १५० ते २५० पीएसआयमध्ये यावा. कडक उन्हाळ्यात लाल काटा त्याहून वर जातो.

दोन्ही काटे खाली असतील तर गॅस कमी. दोन्ही चढलेले असतील तर कंडेन्सर, फॅन किंवा आधी कुणीतरी भरलेला जास्तीचा गॅस. निळा वर आणि लाल खाली, दोघे जवळजवळ आलेले, तर कॉम्प्रेसरमध्ये दम उरलेला नाही. निळा शून्याकडे किंवा त्याखाली ओढला जात असेल तर एक्स्पान्शन व्हॉल्व तुंबलेला असू शकतो. ही सगळी दिशा दाखवणारी लक्षणं आहेत, निकाल नव्हे. पण एवढं माहीत असलेल्या गिऱ्हाईकाला "कॉम्प्रेसरच बदलावा लागेल" हे गेज न लावता कुणी सांगत नाही.

गॅस कमी आहे असं ठरलं तर पुढची मागणी गळती शोधण्याची. यंत्रणेत कोरडा नायट्रोजन दाबाने भरून जोडांवर साबणाचा फेस लावणं ही जुनी आणि भरवशाची रीत. बारीक गळतीसाठी यूव्ही डाय घालून काही दिवसांनी निळ्या दिव्याखाली पाहतात किंवा गॅस हुंगणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र फिरवतात. नायट्रोजनऐवजी वेल्डिंगचा ऑक्सिजन कुणी वापरत असेल तर तिथून गाडी काढा, कारण दाबाखालचा ऑक्सिजन आणि ऑइल एकत्र आले की स्फोट होऊ शकतो. टायरच्या हवेचा कॉम्प्रेसरही इथे नको, तो ओलावा आत ढकलतो.

जोडाची ओ-रिंग, व्हॉल्वची पिन, खडा लागून भोक पडलेला कंडेन्सर, कॉम्प्रेसरचं सील आणि कूलिंग कॉइल या गळतीच्या नेहमीच्या जागा. ओ-रिंग काही रुपयांची असते. तिच्या पायी वर्षानुवर्षं गॅसचे पैसे भरणारी माणसं आपल्या आसपास आहेत.

गळती बुजवली की व्हॅक्यूम. पंप लावून नळ्यांतली हवा ओढून काढली की आतला ओलावा थंडपणीच उकळून वाफ होतो आणि निघून जातो. अर्धा-पाऊण तास पंप चालवून, मग बंद करून काटा हलत नाही ना ते बघतात. पाच मिनिटांत आटोपलेला व्हॅक्यूम म्हणजे नुसता उपचार. आणि व्हॅक्यूम टिकला म्हणजे गळती नाही, असंही म्हणता येत नाही. व्हॅक्यूममध्ये दाबाचा फरक एका वातावरणाएवढा असतो, चालू एसीत जास्त दाबाच्या बाजूला तो दहा-पंधरा पट असतो.

मग गॅस. तो काट्यावर तोलून भरायला सांगा. किती ग्रॅम भरायचा आणि कोणतं ऑइल, हे बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं. छोट्या गाड्यांत हा आकडा बहुधा ३५० ते ५०० ग्रॅमच्या दरम्यान असतो. एवढ्या कमी मापात पन्नास-साठ ग्रॅमची चूकही जाणवते. थोडा जास्त गॅस म्हणजे जास्त थंडावा, हा समज काढून टाका. जास्तीचा द्रव कंडेन्सरची जागा अडवतो, दाब चढतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो, पेट्रोल जास्त जातं आणि हवा उलट कोमट होते. म्हणूनच अंदाजे 'टॉप-अप' करण्यापेक्षा आधीचा गॅस मशीनने काढून घेऊन, तोलून नव्याने भरणं बरं.

हे करू नका

कॅन आणून घरी गॅस भरू नका. चुकून जास्त दाबाच्या बाजूला जोडला तर कॅन फुटतो. द्रव गॅस डोळ्यांत किंवा कातडीवर उडाला तर ती जागा गोठून जखम होते. गळती बुजवणारं 'सीलंट' घालू देऊ नका. ते बारीक छिद्रं तुंबवतं आणि पुढे गॅरेजची मशीनही बिघडवतं. स्वस्त मिळतो म्हणून स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा, पेट घेणारा गॅस भरून घेऊ नका. कॉइल फुटली तर तो थेट तुमच्या बसण्याच्या जागेत येतो. काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ हा वेगळा गॅस असतो. स्टिकरवर जे लिहिलंय तेच भरा. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांचा एसी रस्त्याकडेच्या दुकानात उघडूच देऊ नका. त्यांच्या विजेवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरला वेगळं, वीज न वाहू देणारं ऑइल लागतं. शिवाय अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत याच यंत्रणेवर बॅटरी थंड राहते.

मोठा खर्च निघाला तर

कूलिंग कॉइल गळत असेल तर अनेक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. मजुरी मोठी असते, म्हणून स्वस्तातली कॉइल घालण्यात शहाणपण नाही. पुन्हा तोच डॅशबोर्ड उघडायची वेळ येऊ नये. त्याच वेळी एक्स्पान्शन व्हॉल्व आणि ड्रायर बदलून घ्या. नळ्या उघड्या राहिल्या की ड्रायर हवेतला ओलावा पिऊन निकामी होतो.

कॉम्प्रेसर आतून घासून जाम झाला असेल तर त्याचा धातूचा चुरा सगळीकडे पसरलेला असतो. हल्लीच्या कंडेन्सरच्या अतिबारीक वाहिन्यांतून तो धुऊन पुरता निघत नाही. अशा वेळी फक्त कॉम्प्रेसर बदलून गाडी दिली तर नवा कॉम्प्रेसरही त्याच वाटेने जातो. कंडेन्सर, ड्रायर, व्हॉल्व यांचा खर्च धरूनच हिशेब मागा. मात्र कॉम्प्रेसर गेल्याचं निदान एकाच ठिकाणी झालं असेल तर पैसे ओतण्याआधी दुसरीकडे गेज लावून घ्या. कधी कधी फक्त मॅग्नेट क्लच किंवा त्याचं बेअरिंग गेलेलं असतं.

हा खर्च फक्त खिशाचा नाही

एक किलो आर-१३४ए हवेत गेला तर पृथ्वी तापवण्याच्या हिशेबात तो १३०० किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतका पडतो. छोट्या गाडीतला ४५० ग्रॅम गॅस गळून गेला तर सुमारे ६०० किलो. पेट्रोलचा एक लिटर जाळला की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे गळती न शोधता एकदा भरलेला गॅस अडीचशेहून अधिक लिटर पेट्रोल जाळल्याइतका महाग पडतो, आणि त्यात गाडी एक किलोमीटरही पुढे जात नाही. किगाली इथे २०१६ मध्ये झालेल्या करारानुसार भारताने २०३२ पासून असे वायू टप्प्याटप्प्याने कमी करायचं मान्य केलं आहे. त्याआधी आपल्या गाडीतून तो निसटू न देणं आपल्या हातात आहे.

एसी ही चैन आहे, गेला तर खिडक्या उघडा, असं म्हणणारे अजूनही भेटतात. उन्हातान्हात बारा तास टॅक्सी चालवणाऱ्याला किंवा विदर्भातून माल नेणाऱ्या ट्रकचालकाला ते विचारून पाहा. मध्यम आणि अवजड मालट्रकांच्या केबिनमध्ये एसी असणं केंद्र सरकारने १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या वाहनांसाठी सक्तीचं केलं आहे. ट्रकमालकांनो, कायद्याने बसवलेला एसी पहिल्याच गळतीनंतर बंद पडून राहू देऊ नका. थकलेला, तापलेला चालक सगळ्या रस्त्यालाच धोका असतो.

एवढं करा

हिवाळ्यात आणि पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवा, म्हणजे ऑइल फिरून सील ओलं राहतं. फिल्टर वर्षातून एकदा तरी बदला. धुळीच्या रस्त्यांवर फिरत असाल तर त्याआधी. होळीच्या सुमाराला, गॅरेजांत गर्दी होण्याआधी, कंडेन्सर धुऊन फॅन तपासून घ्या.

गॅरेजवाल्या मंडळींनाही विनंती आहे. काट्यावर तोलून भरलेल्या गॅसचे आणि गळती शोधण्यात गेलेल्या वेळेचे पैसे उघडपणे लावा. गिऱ्हाइकाने या तपासणीचे पैसे देताना कुरकुर करू नये, कारण दरवर्षीच्या गॅसपेक्षा ती स्वस्त पडते.

आणि बिल घेतल्याशिवाय निघू नका. त्यावर चार गोष्टी लिहून घ्या: गळती कुठे सापडली, कोणता भाग बदलला, गॅस किती ग्रॅम भरला आणि काम झाल्यावर जाळीतलं तापमान किती आलं. पुढच्या वर्षी पुन्हा थंडावा गेला तर हाच कागद मेकॅनिकसमोर ठेवा. ज्या बिलावर नुसतंच "गॅस भरला" असं लिहिलंय, ते परत करा आणि चारही नोंदी लिहून मागा.